स्नायूंचा सुटलेला आवर

हात मांडीवर सैल टाकून बसलेल्या निरोगी माणसाच्या दंडात ईएमजीची, म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल नोंदवणाऱ्या तपासणीची, सुई टोचली, की पडद्यावर सरळ रेघ येते आणि यंत्राचा स्पीकर गप्प राहतो. ही तपासणी शिकायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही शांतता सुरुवातीलाच दाखवतात. तो ती लगेच विसरतो, कारण त्याला रोग पाहायची घाई असते. या पुस्तकाचा विषय मात्र त्या सरळ रेघेपासूनच सुरू होतो. स्नायू सैल असतो तेव्हा मज्जारज्जूतले काम थांबलेले नसते. त्वचेकडून, सांध्यांकडून, खुद्द स्नायूंमधल्या ताणमापक तंतूंकडून आणि वर मेंदूकडून उत्तेजनाचे निरोप प्रेरक चेतापेशींवर सतत येऊन पडत असतात. त्या निरोपांना वेळोवेळी आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत आणि त्यांची वेगळी रसायने आहेत. सैल होणे हे शरीर मेहनतीने करत असलेले काम आहे. त्या कामातले कर्मचारीच शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीने निकामी केले, तर काय होते, हे पुढच्या प्रकरणांत सांगितले आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की एखादा स्नायू आखडतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू त्याच क्षणी, मज्जारज्जूच्या आज्ञेने, सैल केला जातो. कोपर वाकवताना दंडाच्या पुढचा स्नायू ओढतो आणि मागचा सुटतो. हा सुटण्याचा भाग झाला नाही, तर अवयवाची अवस्था रस्सीखेचीतल्या दोरासारखी होते. दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने ओढत असतात, त्यामुळे दोर जागचा हलत नाही आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते, इथे काहीच घडत नाहीये. ताठरलेल्या पाठीत किंवा पायात नेमके हेच चालू असते. शेरिंग्टनला 1932 मध्ये एडगर एड्रियनबरोबर नोबेल मिळाले. त्याच्या प्रयोगांपैकी आपल्या विषयाशी सर्वांत जवळचे दोन आहेत. एका प्रयोगात त्याने प्राण्यांना स्ट्रिक्निन दिले, दुसऱ्यात धनुर्वाताचे विष. दोन्हींत एकच गोष्ट घडली. जो स्नायू सैल व्हायला हवा होता तो उलट आखडला.

ही दोन्ही विषे आपल्या ओळखीची आहेत. स्ट्रिक्निन मिळते काजऱ्याच्या बियांतून. काजऱ्याची झाडे कोकणात आणि गोव्यात रानात उगवतात, आणि त्यांच्या चपट्या, बटणासारख्या बिया विषारी असतात हे तिथल्या जुन्या माणसांना पक्के ठाऊक असते. धनुर्वाताचे तर सांगायलाच नको. बाळंतिणीला आणि नाळ कापलेल्या बाळाला तो गाठायचा. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हद्दपार झाला, हे 2015 मध्ये अधिकृतपणे मान्य झाले. दातखिळी बसलेला, टाचा आणि डोके यांवर कमान झालेला, दार आपटल्याच्या आवाजाने पुन्हा आकडी येणारा रुग्ण ज्या वयस्कर डॉक्टरांनी पाहिला आहे, त्यांना या पुस्तकातली लक्षणे समजायला वेळ लागणार नाही.

या विषांचा मार्ग आता रेणूपर्यंत उलगडला आहे. मज्जारज्जूत आवर घालणारी दोन मुख्य रसायने आहेत, ग्लायसीन आणि गॅबा. आवर घालणारी पेशी ही रसायने सोडते, समोरच्या प्रेरक पेशीवरचे ग्राही रेणू ती टिपून घेतात, आणि ती पेशी काही काळ शांत राहते. स्ट्रिक्निन ग्लायसीनच्या ग्राही रेणूंवर जाऊन बसते, त्यामुळे निरोप येतो पण पोहोचत नाही. धनुर्वाताचे विष याच्या अगोदरच्या पायरीवर घाव घालते. जखमेतून ते चेतातंतूत शिरते, तंतूतून उलटे मज्जारज्जूपर्यंत चढते, आवर घालणाऱ्या पेशीत जाते आणि रसायन बाहेर टाकणाऱ्या यंत्रणेतले सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचे प्रथिन कापून टाकते. हे कापणे 1992 मध्ये इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी सिद्ध केले. मज्जारज्जूतल्या आवर घालणाऱ्या पेशींपैकी एका जातीला बर्डसी रेनशॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव आहे. प्रेरक पेशीने स्नायूला निरोप पाठवला, की त्याच निरोपाची एक शाखा रेनशॉ पेशीकडे जाते आणि ती पेशी उलट त्या प्रेरक पेशीलाच आवरते. रेनशॉ 1948 मध्ये पोलिओने गेला. ज्या प्रेरक पेशींचा त्याने अभ्यास केला, त्यांनाच मारणारा तो आजार. ही नोंद मला नेहमी अस्वस्थ करते.

विषाने जे घडते तेच कुठल्याही विषाशिवाय, महिनोन्महिने, वर्षानुवर्षे घडत राहिले, तर त्याला काय म्हणायचे, हा प्रश्न अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांसमोर 1924 मध्ये उभा राहिला. रुग्ण होता आयोवातला मध्यमवयीन शेतकरी. पाठ, पोट आणि मांड्या ताठरत गेलेल्या, मधूनमधून जीवघेण्या आकड्या, आणि चालताना तोल गेला की हात पुढे न येता लाकडाचा माणूस पडावा तसे सरळच्या सरळ पडणे. फ्रेडरिक मोर्श आणि हेन्री वोल्टमन यांनी घाई केली नाही. त्या पहिल्या रुग्णानंतर आणखी 13 रुग्ण जमेपर्यंत त्यांनी 32 वर्षे वाट पाहिली आणि 1956 मध्ये निबंध छापला. त्यांनी या विकाराला ‘स्टिफ मॅन सिंड्रोम’ म्हटले. पुढे लक्षात आले, की पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा अधिक होतो, जवळपास दुपटीने, आणि नाव ‘स्टिफ पर्सन’ असे बदलले. दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार आहे. त्या निबंधात कारण सांगितलेले नाही. तरीही इतके नेमके वर्णन नंतर क्वचितच कुणी केले असेल. ताठरपणा धडापासून सुरू होतो, झोपेत ओसरतो, अनपेक्षित आवाजाने, स्पर्शाने किंवा मनावरच्या ताणाने आकडी येते, आणि संवेदना, स्मरण, बुद्धी शाबूत राहतात, हे सगळे त्यात आहे.

सात वर्षांनी, 1963 मध्ये, मेयो क्लिनिकमधल्याच फ्रँक हॉवर्ड यांनी या रुग्णांना तेव्हा नवे असलेले डायझेपाम दिले. ताठरलेली माणसे सैल झाली. इतरांना गाढ झोप लावील इतकी मात्रा घेऊन यांच्यातली काही माणसे जागी राहत आणि चालू लागत. डायझेपाम शरीरात काय करते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ते गॅबाच्या ग्राही रेणूंवर काम करून गॅबाचा परिणाम वाढवते, हे 1970च्या दशकात कळले. म्हणजे उपचारानेच रोगाच्या जागेकडे बोट दाखवले होते, पण ते बोट कुठे रोखलेले आहे हे समजायला शास्त्राला आणखी दहा-पंधरा वर्षे लागली.

रोगप्रतिकारशक्तीचा धागा सापडला तो 1988 मध्ये. मिकेले सोलिमेना, पिएत्रो दे कामिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक रुग्ण आला. त्याला ताठरपणा होता, फिट्स येत होत्या आणि इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेहही होता. त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, मेंदूच्या कापांवर टाकली तेव्हा ती गॅबा बनवणाऱ्या पेशींवर नेमकी जाऊन चिकटली. त्या पेशींत त्यांचे लक्ष्य होते ग्लुटामिक ॲसिड डीकार्बोक्झिलेज हे वितंचक, म्हणजे एन्झाइम. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला गॅड म्हणतात. ब-6 जीवनसत्त्वाच्या मदतीने ते ग्लुटामेटपासून गॅबा बनवते. ग्लुटामेट हे मेंदूतले सर्वांत मोठे उत्तेजक रसायन. म्हणजे हे एकच वितंचक उत्तेजनाचे रसायन घेऊन त्याचे आवर घालणारे रसायन करते. मज्जासंस्थेच्या रचनेत याहून अर्थपूर्ण रासायनिक पायरी मला माहीत नाही.

या शोधाची खरी झेप दोन वर्षांनी दिसली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांच्या रक्तात एका 64 किलोडाल्टन वजनाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे 1980च्या दशकापासून माहीत होते, पण ते प्रथिन कोणते हे हाती लागत नव्हते. 1990 मध्ये स्टिनुन बेकेस्कोव्ह आणि दे कामिलींच्या गटाने मिळून दाखवले, की ते गॅडच आहे. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींतही गॅबा बनतो, तिथेही गॅड असते. दहा लाखांत एकाला होणाऱ्या चेताविकाराने लाखो मुलांच्या मधुमेहाचे कोडे सोडवायला मदत केली. आज पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या किशोरवयीन मुलाच्या मधुमेहाचा प्रकार ठरवायला जी ‘अँटी-गॅड’ तपासणी लिहून दिली जाते, तिच्यामागे हे काम आहे. दुर्मीळ आजारांवर वेळ कशाला घालवायचा, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हा इतिहास सांगतो.

मधुमेहातही गॅडची प्रतिपिंडे आणि ताठरपणातही तीच, हे जुळत नाही असे वाचकाला वाटेल. फरक आहे प्रमाणाचा. मधुमेह असलेल्या माणसात ती थोडी असतात. निरोगी माणसांतही अगदी थोड्यांत ती सापडतात. स्टिफ पर्सन सिंड्रोममध्ये ती अनेक पटींनी जास्त असतात आणि मणक्यातून काढलेल्या पाण्यातही, मज्जासंस्थेच्या आतच तयार होत असल्याच्या खुणांसह, दिसतात. म्हणून नुसती ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्टची चिठ्ठी पाहून निदान करणे धोक्याचे आहे. मधुमेह आणि पाठदुखी असलेल्या माणसाला या आजाराचे लेबल लावल्याची उदाहरणे जगभरच्या तज्ज्ञांच्या केंद्रांत येत असतात. आणि एक मूलभूत अडचणही आहे. गॅड पेशीच्या आत राहते. रक्तातली प्रतिपिंडे पेशीच्या आत शिरून तिथल्या वितंचकाला बंद पाडतात, असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. रुग्णाची गॅड प्रतिपिंडे प्राण्यांत टोचून हुबेहूब आजार तयार करण्याचे प्रयत्न ठाम उत्तर देऊ शकलेले नाहीत. कदाचित ही प्रतिपिंडे गुन्ह्याच्या जागेवर सापडलेला पुरावा असतील आणि खरे नुकसान टी-पेशी किंवा अजून न सापडलेले दुसरे एखादे प्रतिपिंड करत असेल.

म्हणूनच या आजारात रक्ताच्या तपासणीपेक्षा चेताशरीरक्रियाशास्त्राची, म्हणजे सुया, पट्ट्या, विजेचे सौम्य झटके आणि कानावर पडणारे आवाज यांची तपासणी माझ्या मते अधिक विश्वासाची आहे. ती प्रतिपिंड मोजत नाही, आवर मोजते. पण ती वाचणे सोपे नाही, आणि इथेच अनेक रुग्णांचे नुकसान झाले आहे. ताठरलेल्या पाठीच्या स्नायूत सुई टोचली, की प्रेरक एककांचे, म्हणजे एकेक प्रेरक पेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू यांचे, ठोके अखंड ऐकू येतात. त्या ठोक्यांचा आकार अगदी निरोगी असतो. निरोगी माणसाने मुद्दाम स्नायू आवळला तर जसे दिसेल, तसेच. स्नायू मेलेला नसतो, चेता तुटलेली नसते. मग तपासणारा म्हणतो, ‘सैल सोडा, काकू, अजून सैल सोडा.’ काकू म्हणतात, ‘सोडलाय.’ रिपोर्टवर लिहिले जाते, की रुग्ण सहकार्य करत नाही.

उलगडा करायला त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या स्नायूत दुसरी सुई टोचावी लागते. पाठीच्या बरोबर पोटाचा स्नायू, पोटरीच्या बरोबर नडगीच्या पुढचा. मुद्दाम ताठ होणाऱ्या माणसालाही दोन्ही स्नायू एकदम आवळता येतात, पण ती अवस्था तो तासन्‌तास, लक्ष दुसरीकडे गेले तरी, टिकवू शकत नाही. शिवाय एका बाजूला जोर लावायला सांगितले, की निरोगी मज्जारज्जू दुसऱ्या बाजूला गप्प करतो. शेरिंग्टनचा तो नियम इथे मोडलेला दिसतो. दोन्ही सुयांमधून ठोके येतच राहतात. रुग्ण झोपला, त्याला भूल दिली किंवा त्या स्नायूकडे जाणाऱ्या चेतेला बधिर केले, तर मात्र ते थांबतात. म्हणजे बिघाड स्नायूत नाही, चेतेच्या टोकालाही नाही. तो चेतेच्या वर, मज्जारज्जूत आणि मेंदूत आहे.

पुढची पायरी आहे दचकण्याची. अचानक मोठा आवाज कानावर पडला, की आपण सगळेच दचकतो. पापण्या मिटतात, मान आखडते. पण तोच आवाज तीन-चार वेळा झाला, की मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि प्रतिक्रिया विझत जाते. या रुग्णांत ती विझत नाही. दहाव्या आवाजालाही पहिल्याइतकीच, आणि मानेपासून पायापर्यंत पसरलेली, प्रतिक्रिया येते. पायाच्या किंवा मनगटाच्या चेतेला साधा झटका दिला, तर धडाच्या स्नायूंत एकापाठोपाठ एक उसळ्या येतात आणि मग हळूहळू ओसरणारा ताठरपणा उरतो. जर्मनीत हान्स-मिशाएल मेंक यांनी या नमुन्याचे बारीक वर्णन केले आहे. चौकात अचानक हॉर्न वाजला आणि मधल्या रस्त्यात पाय खिळले, असे सांगणारा रुग्ण आपल्या शरीरात या यंत्राला काय दिसले असते, तेच सांगत असतो.

सर्वांत सूक्ष्म तपासण्या मज्जारज्जूतले आवराचे वेगवेगळे मार्ग सुटे करून मोजतात. पोटरीतल्या प्रतिक्षिप्त क्रियेचा आलेख काढत असताना टाचेमागच्या कंडरेवर कंपन दिले, तर निरोगी माणसात तो आलेख लहान होतो. हा आवर बराचसा गॅबावर चालतो. 1998 मध्ये अमेरिकेत मेरी के फ्लोटर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्टिफ पर्सन सिंड्रोमच्या बहुतेक रुग्णांत हा आवर कमजोर पडलेला असतो. रेनशॉ पेशींचा, म्हणजे मुख्यतः ग्लायसीनचा आवर मात्र त्यांच्यात शाबूत निघाला. धनुर्वाताशी इथे फरक पडतो. धनुर्वातात विजेच्या झटक्यानंतर जबड्याच्या स्नायूत येणारा क्षणिक निःशब्द काळ आखूड होतो किंवा नाहीसा होतो. स्टिफ पर्सनमध्ये तो सहसा टिकून राहतो. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच ताठ दिसतात, पण तार कुठे तुटली आहे ते यंत्र वेगवेगळे सांगते. कवटीवरून चुंबकीय लहरी देऊन मेंदूच्या पृष्ठभागावरचा आवर मोजला, तर तोही कमी भरतो. आजार फक्त मज्जारज्जूपुरता नाही, हे त्यावरून कळते. या माणसांच्या मनातल्या भीतीचा विचारही याच धाग्याने करायला हवा.

ग्लायसीनवरचा हल्लाही प्रत्यक्षात सापडला. 1976 मध्ये ताठरपणा, आकड्या आणि मेंदूच्या देठाचा दाह अशा एका झपाट्याने वाढणाऱ्या, बहुधा प्राणघातक आजाराचे वर्णन झाले होते. 2008 मध्ये अशाच एका रुग्णात ग्लायसीनच्या ग्राही रेणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. काजऱ्याच्या विषाचे काम इथे रुग्णाचे स्वतःचे रक्त करत होते. हे ग्राही पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, म्हणून प्रतिपिंडे त्यांना सहज गाठतात आणि पेशीच्या आत ओढून नाहीसे करतात. गॅडच्या बाबतीत जी शंका आहे ती इथे फारशी राहत नाही, आणि हे रुग्ण उपचारांना चांगला प्रतिसादही देतात. जन्मतःच याच ग्राही रेणूत दोष असलेली बाळेही असतात. त्यांना नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारली तरी ती ताठ होतात. तो आजार आनुवंशिक आहे. त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती, विष आणि जनुक या तिन्ही वाटांनी एकाच रेणूपाशी पोहोचता येते. तिसरा एक गट आहे अँफिफायसिन या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांचा. तो बहुधा स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रियांत दिसतो, आणि ताठरपणा कर्करोग लक्षात येण्याच्या आधीच सुरू होऊ शकतो. 2005 मध्ये अशा रुग्णाची प्रतिपिंडे उंदरांच्या मोठ्या जातीत टोचून जर्मन संशोधकांनी ताठरपणा निर्माण केला.

आतापर्यंतचा बिघाड मज्जारज्जूत किंवा त्याच्या वर होता. ज्या रुग्णाचे स्नायू गाढ झोपेतही थांबत नाहीत, त्याचे काय? हायम आयझॅक्स या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने 1961 मध्ये दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या कातडीखाली स्नायू किड्यांसारखे वळवळत होते, पोटरीत गोळे येत होते, घाम अखंड सुटत होता, मूठ आवळली की उघडायला वेळ लागत होता. हे झोपेत थांबत नव्हते. भूल दिल्यावरही थांबत नव्हते. वरच्या चेतेला बधिर केले तरी स्नायू चालूच राहिले. पण स्नायू आणि चेता यांच्या सांध्यावर काम करणारे क्युरारे दिल्याबरोबर सगळे शांत झाले. एवढ्या साध्या तर्काने आयझॅक्स यांनी बिघाडाची जागा चेतातंतूच्या टोकाकडच्या भागात आणून ठेवली. कुठलाही स्कॅन नव्हता, प्रतिपिंडाची तपासणी नव्हती. नीट विचारलेल्या चार प्रश्नांनी हे काम केले. चेताशरीरक्रियाशास्त्राचे याहून सुंदर उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवायला मला सापडलेले नाही.

ईएमजीत हा आजार स्टिफ पर्सनपेक्षा अगदी वेगळा बोलतो. एकच प्रेरक एकक दोनदा, तीनदा, कधी गुच्छाने उडते. मधूनच सेकंदाला 150 ते 300 ठोक्यांच्या वेगाची झोड सुरू होते आणि उंच पट्टीतला आवाज काढत, आकाराने लहान होत विझते. चेतातंतूतून विजेचा एक स्पंद गेल्यावर त्याला पुन्हा शांत करायला पोटॅशियमच्या वाहिन्या उघडाव्या लागतात. त्या कमी पडल्या, की तंतू स्वतःच पुन्हा पेटतो. 1991 मध्ये ऑक्सफर्डला जॉन न्यूसम-डेव्हिस यांच्या गटाने रुग्णाचे रक्तद्रव बदलून पाहिले, तेव्हा लक्षणे कमी झाली. रुग्णाची प्रतिपिंडे उंदरांना दिली, तेव्हा त्यांच्या चेतांचा स्वभाव बदलला. चार वर्षांनी पोटॅशियम वाहिन्यांच्या दिशेने प्रतिपिंडे सापडली. 2010 मध्ये कळले, की त्यांतली बहुतेक खुद्द वाहिनीवर न जाता तिला जागेवर धरून ठेवणाऱ्या कॅस्पर-2 या किंवा मेंदूतल्या एलजीआय-1 या प्रथिनावर जातात. याच आजाराला झोप नाहीशी होणे, भास होणे आणि रक्तदाबाचे चढउतार यांची जोड मिळाली, की त्याला मोर्व्हान सिंड्रोम म्हणतात. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या मोर्व्हान नावाच्या डॉक्टरने 1890 मध्येच तो पाहिला होता.

इथे आपल्याकडच्या एका धोक्याकडे लक्ष वेधायला हवे. राजस्थानातून 2006 मध्ये आयझॅक्सच्या आजाराच्या 20 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींनी आजारापूर्वी देशी औषधे घेतली होती. पारा शरीरात जाण्याचा आणि कॅस्पर-2 प्रतिपिंडांचा संबंध त्यानंतरच्या निरीक्षणांतून पुढे येत गेला आहे. म्हणून गोळे, वळवळ आणि घाम घेऊन आलेल्या रुग्णाला भस्मे, पुड्या वाटणारे दवाखाने आणि गोरेपणाची क्रीमे यांबद्दल स्पष्ट विचारले पाहिजे. न विचारता तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते.

शरीराची इतकी चर्चा झाल्यावर मनाकडे यावे लागते. स्टिफ पर्सन सिंड्रोमचे रुग्ण अनेक वर्षे चुकीच्या पत्त्यावर हिंडतात. कधी मणक्याच्या डॉक्टरकडे, कधी मानसोपचाराकडे, आपल्याकडे देवऋष्याकडेही. कारण तपासणीच्या टेबलावर शांत झोपलेला माणूस घरी येताना जिन्यावर खिळतो. पाहुणे आले की ताठतो. रस्ता ओलांडायचा म्हटला की घाम फुटतो. सासरच्यांना वाटते, सोंग आहे. डॉक्टरला वाटते, चिंतेचा विकार आहे. भीती खरीच असते. पण पडताना हात पुढे येणार नाहीत हे ज्याच्या शरीराने अनुभवले आहे, त्याने मोकळ्या रस्त्याला भिऊ नये असे म्हणणे अन्यायाचे आहे. आणि भीतीला आवर घालणाऱ्या मेंदूच्या भागांतही गॅबाच वापरला जातो. डिसेंबर 2022 मध्ये गायिका सेलीन डियॉनने हा आजार जाहीर केला, त्यावरच्या माहितीपटात स्वतःची आकडी कॅमेऱ्यासमोर येऊ दिली आणि जुलै 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आयफेल टॉवरवरून गायली. माझ्या मते तिने जेवढ्या रुग्णांना विश्वासार्ह केले तेवढे आमच्या पाठ्यपुस्तकांना जमले नव्हते.

उपचारांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. डायझेपाम आणि बॅक्लोफेन गॅबाची बाजू भरून काढतात. रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या उपचारांत शिरेतून देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनला सर्वांत भक्कम पुरावा आहे. 2001 मध्ये मारिनोस डलाकास यांनी अमेरिकेत 16 रुग्णांवर केलेल्या चाचणीत ताठरपणा आणि दचकणे दोन्ही कमी झाले. त्याचा खर्च आपल्याकडे लाखांत जातो आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो, ही गोष्ट कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेली नसली तरी घराघरांत ठरवणारी ठरते. रोगप्रतिकारशक्तीवरच काम करणाऱ्या रिटुक्सिमॅबच्या 2017च्या चाचणीत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. खोटे औषध घेतलेल्यांनाही बरे वाटले होते. हा निकाल लपवू नये आणि त्यावरून ‘म्हणजे मानसिकच’ असा अर्थही काढू नये. ज्या आजाराची तीव्रता भीतीने वाढते, तो आश्वासनाने कमी होणे हे त्या शरीरक्रियेला धरूनच आहे. आयझॅक्सच्या आजारात फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन चेतेला शांत करतात, रक्तद्रव बदलण्याचाही उपयोग होतो.

हे पुस्तक तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या फिजिशियनसाठी, फिजिओथेरपिस्टसाठी आणि घरातल्या माणसांसाठी लिहिले आहे. प्रत्येकाने सगळे वाचायलाच हवे असे नाही. घरच्यांनी प्रतिक्षिप्त क्रियांचे प्रकरण सोडून दिले तरी चालेल, पण पडण्याबद्दलचे आणि दचकण्याबद्दलचे प्रकरण सोडू नये. फिजिओथेरपिस्टने जोर लावून ताणण्याआधी दहावे प्रकरण पाहावे, कारण अचानक दिलेला ताण हाच आकडीला निमंत्रण ठरतो. आणि फिजिशियनला एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ताठर पाठ आणि कमरेचा खोल बाक असलेला रुग्ण समोर आला, पोट हाताला फळीसारखे लागले, झोपवले तरी बाक गेला नाही, आणि एमआरआय स्वच्छ निघाला, तर झोपेत काय होते ते जोडीदाराला विचारावे. शक्य असेल तर डायझेपाम सुरू करण्यापूर्वी त्याला ईएमजीसाठी पाठवावे, पाठीत आणि पोटात एकाच वेळी सुया टोचायला लिहून द्यावे, कारण काही दिवसांच्या डायझेपामनंतर पडद्यावरचा पुरावा पुसला जातो आणि तपासणी ‘नॉर्मल’ येते. पण गोळी आधीच चालू असेल, तर तपासणीसाठी ती, किंवा बॅक्लोफेन, एकाएकी बंद करू नये. त्याने तीव्र आकड्या आणि फिट्स येऊ शकतात. अशा वेळी चालू असलेल्या मात्रेची नोंद विनंतीपत्रावर ठळक लिहावी.